सहा जागांची जिप्सी आणि सहा जणांचे घर

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो. घरात आम्ही दोघे, नववीतला थोरला मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांचा धाकटा आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या सत्तर वर्षांच्या सासूबाई अशी सहा माणसे आहेत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघून सहा दिवस जंगल आणि डोंगर पाहून यावे असे ठरते आहे. यजमानांनी मोटारीने भीमबेटका, मढई, पचमढी, भेडाघाट आणि कान्हा असा बेत केला आहे. थोरल्याला वाघाशिवाय दुसरे काही नको. मुलीला धबधब्यात खेळायचे आहे. सासूबाईंना महादेवाचे दर्शन घडावे अशी फार इच्छा आहे. धाकटा दुपारी झोपला नाही तर संध्याकाळी सगळ्यांना रडवतो. मागच्या वर्षी अशाच एका सहलीहून आम्ही सगळे एकमेकांवर चिडून परतलो होतो. या वेळी तसे होऊ नये म्हणून कोणाच्या वयाप्रमाणे सहल आखावी आणि धाकट्याला आत्ताच जंगलात न्यावे की नाही, हे कृपया सांगावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

धाकट्याला अवश्य न्यावे. तुमच्या बेतात खोडायचे असेल तर कान्हा आणि भेडाघाट खोडा. कान्हा हे उत्तम जंगल आहे, पण तिथून इंदूर सुमारे सहाशे किलोमीटर पडते. यजमानांनी आखलेल्या सहा दिवसांपैकी जवळपास तीन दिवस मोटारीत जातील, आणि मोटारीत बसलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या लेखी जंगल आणि इंदूरचा देवास नाका यांत काही फरक नसतो. कान्ह्याला पुढे कधीतरी रेल्वेने जबलपूर गाठून जा, आणि त्या खेपेस भेडाघाटही पाहा. या वेळी सातपुडा व्याघ्र प्रकल्पातल्या मढईला दोन रात्री आणि पचमढीला तीन रात्री एवढेच ठेवा. दोन्ही ठिकाणे सातपुड्यातली आणि एकाच नर्मदापुरम जिल्ह्यातली आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे जायला दोन-अडीच तासांहून अधिक लागत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न, की सहल कोणाच्या वयाप्रमाणे आखावी. थोरल्याच्या वयाप्रमाणे आखली तर धाकटा आणि आजी थकतात, धाकट्याच्या वयाप्रमाणे आखली तर थोरला हॉटेलच्या खाटेवर मोबाइल घेऊन पडतो, आणि मधले काहीतरी काढले तर कोणाचेच समाधान होत नाही. मागच्या वर्षीची चिडचिड वयांमधल्या अंतरामुळे झाली असेल असे मला वाटत नाही. सहाही जणांनी सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे एकत्रच केले पाहिजे या न बोललेल्या नियमामुळे ती झाली असावी. घरी तरी तुम्ही सहा जण दिवसभर एकाच खोलीत कुठे असता? सहलीत दिवसातून एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची, रात्रीचे जेवण एकत्र घ्यायचे आणि उरलेल्या वेळात दोघे इकडे, तिघे तिकडे अशी वाटणी करायची, एवढे आधीच मान्य झाले तर निम्मे भांडण निघण्यापूर्वीच मिटते.

या बाबतीत सातपुड्याची जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी जीप, मोठा मोह घालते. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत एका जिप्सीत वाहनचालक आणि गाइड सोडून सहा पर्यटक बसतात, आणि तुम्ही नेमके सहा आहात. हिशेब इतका चोख बसतो की सगळ्यांनाच घेऊन जावे असे वाटते. तसे करू नका. सकाळची सफारी उजाडताच फाटकातून आत शिरते आणि चार-पाच तास चालते. दिवाळीनंतर पहाटेची उघडी जीप चांगलीच गार लागते, खड्ड्यांचे धक्के गुडघ्यांपर्यंत पोचतात, मध्येच उतरता येत नाही, आणि लहान मुलाला शी लागली तर सांगायची सोय नसते. दुपारची सफारी त्या मानाने लहान असते, ऊन उबदार असते आणि धाकटा जेवून-झोपून ताजातवाना झालेला असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे यजमानांनी थोरल्याला घेऊन जावे आणि दुपारी सहाही जणांनी जावे. सासूबाईंना मागच्या बाकावर बसवू नका, कारण सगळे हादरे तिथेच बसतात. चालकाच्या लगेच मागच्या रांगेत मधली जागा त्यांना द्या आणि पाठीमागे एक जाडसर उशी ठेवा. दोन फेऱ्यांचा परवाना म्हणजे दुप्पट खर्च, हे खरे आहे, पण कान्हा वगळल्यामुळे वाचलेल्या डिझेलचा हिशेब मांडलात तर यजमानांची समजूत पटायला अडचण पडू नये.

बुकिंग करताना वार पाहा. बुधवारी दुपारची सफारी मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बंद असते. मढईचा दुसरा दिवस बुधवारी आला तर ही सगळी वाटणी कोलमडते, म्हणून गरज पडल्यास निघण्याचा दिवस एकाने पुढे-मागे करा. मुख्य क्षेत्राचे परवाने दिवाळीच्या आठवड्यात लवकर संपतात, कारण १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत हे क्षेत्र बंद असते आणि ऑक्टोबर उजाडला की तीन महिने थांबलेली गर्दी एकदम लोटते. त्यातच गुजरातेतून येणारे पर्यटक भरपूर असतात. मुख्य क्षेत्रात जागा मिळाली नाही तर त्याच्या भोवतालच्या बफर क्षेत्रातली सफारी घ्या. तिला कमी प्रतीची समजणारे लोक पुष्कळ भेटतात, पण जनावरांना ही सीमारेषा कोणी दाखवून दिलेली नसते. बुकिंगचे सगळे काम थोरल्याकडे सोपवा. कोणते फाटक, कोणता वार, सगळ्यांची ओळखपत्रे, पैसे कधी भरायचे, हे त्याने पाहावे आणि वडिलांनी शेवटी एकदा तपासावे. पंधराव्या वर्षी मुलांना सहलीला ‘नेलेले’ आवडत नाही. सहल आपण चालवतो आहोत असे वाटले तर हीच मुले पहाटे चारला न उठवता उठतात.

त्याच्याशी वाघाविषयी मात्र निघण्यापूर्वीच बोला. सातपुड्यात वाघ आहेत, पण कान्हा किंवा बांधवगडमध्ये ते जितक्या सहज दिसतात तितके इथे दिसत नाहीत. शिवाय पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळे गवत माणसाच्या कमरेइतके उंच असते आणि पाणी सगळीकडे असल्याने जनावरांना ठरावीक पाणवठ्यावर यावे लागत नाही. वाघ दिसावा म्हणून जाणारे जाणकार एप्रिल-मेमध्ये जातात आणि चाळीस अंशांच्या पुढचे ऊन सोसतात. तुम्ही हिरवे जंगल आणि भरलेले धबधबे निवडले आहेत, म्हणून वाघाची शक्यता कमी आहे, असे त्याला सरळ सांगावे. ही देवाणघेवाण त्या वयाच्या मुलाला उत्तम समजते. फसवणूक झाली असे वाटले तर मात्र तो चार दिवस तोंड फुगवून बसतो. सातपुड्यात अस्वल आणि गवा दिसण्याची शक्यता चांगली असते, आणि नशिबाने साथ दिली तर बिबट्याही दिसतो. गव्याचा पूर्ण वाढलेला नर वीस-तीस पावलांवर उभा राहून जीपकडे रोखून पाहू लागला की वाघाची आठवण निदान दहा मिनिटे तरी कोणाला येत नाही.

मढईची माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे देनवा नदी. जंगलाचे फाटक पलीकडच्या तीरावर असल्यामुळे सफारीसाठी होडीने नदी ओलांडावी लागते. पहाटेच्या धुक्यात ती पाच-दहा मिनिटे सगळे गप्प असतात, लहान मुलेसुद्धा. याच पाण्यावर नौकाविहाराची सफारीही असते. काठावर येणारी हरणे, पाणकावळे, बगळे आणि उन्हात पडलेली मगर पाहायला ना चढायचे असते ना धक्के खायचे असतात. सासूबाईंसाठी आणि धाकट्यासाठी ती जिप्सीहून बरी, फक्त लाइफ जॅकेट त्याच्या मापाचे आहे की नाही ते होडीत पाऊल टाकण्यापूर्वी पाहा. मोठ्या मापाचे जॅकेट लहान मुलाच्या खांद्यांवरून निसटते, म्हणजे ते असून नसल्यासारखेच. सातपुडा पायी सफारीसाठीही प्रसिद्ध आहे. तिला वयाची अट असते, तेव्हा थोरल्याची इच्छा असेल तर चौकशी करा, पण धाकटी दोन्ही मुले त्यात धरू नका.

तुमच्या मुलीविषयी पत्रात फक्त धबधबा आहे. नऊ वर्षे हे जंगलासाठी सर्वांत गोड वय आहे. भीती कमी झालेली असते आणि कंटाळा अजून शिकलेला नसतो. तिला एक जाड पानांची वही आणि पेन्सिल द्या. पचमढीच्या परिसरात सागाचे आणि सालाचे जंगल एकमेकांना भेटते, आणि ही भेट पानांवरून ओळखता येते. सागाचे पान सुपाएवढे आणि खरखरीत असते. त्याचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. सालाचे पान गुळगुळीत आणि त्या मानाने लहान असते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. कुल्लूचे झाड पांढुरके, जणू कातडी सोलल्यासारखे असते आणि चांदण्यात चमकते, म्हणून गाइड त्याला भुताचे झाड म्हणतात. ही चार झाडे तिने ओळखली की पुढच्या वळणावर ती स्वतःच ओरडून दाखवेल. उंच झाडांवर लक्ष ठेवायला सांगा, कारण शेकरू तिथेच असते. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी मुलीला सातपुड्यात भेटला, तर आजोळी सांगायला तिला चांगला विषय होईल.

धाकट्याचे कुतूहल गुडघ्याच्या उंचीवर असते. त्याला दुर्बीण देऊन उपयोग नाही, भिंग द्या. वारुळे, मुंग्यांच्या रांगा, वाळलेले शेण, चिखलातले खुरांचे ठसे हे त्याचे जंगल. पावसानंतरच्या या दिवसांत वाटांच्या दोन्ही बाजूंना मोठे रानकोळी पिवळसर, मजबूत जाळी विणून बसतात. मादी आपल्या तळहाताएवढी दिसते. लांबून पाहिली तर कसली भीती नाही, आणि त्याच्या आठवणीत वाघापेक्षा ती कोळीण अधिक काळ राहील. दुपारची झोप मात्र कोणत्याही किमतीवर मोडू नका. जेवणानंतरच्या त्या वेळात कोणतीही जागा, कोणताही देव आणि कोणताही धबधबा बेतात ठेवू नये, हे यजमानांना लिहून द्या. तो वेळ मोठ्यांनाही लागतो, फक्त ते कबूल करत नाहीत.

मढईहून पचमढीला जाताना मटकुली गावानंतर घाट लागतो. धाकट्याला गाडी लागत असेल तर मटकुलीला थांबून हातपाय मोकळे करा, निघण्याआधीच्या तासाभरात दूध देऊ नका, थोडा कोरडा खाऊ द्या आणि त्याला पुढे पाहायला लावा. घाटात मोबाइलवर चित्रे दाखवली तर ओकारी हमखास येते. मळमळीचे औषध घ्यायचेच असेल तर ते इंदूरहून निघण्यापूर्वी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना त्याचे वजन सांगून विचारा, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका.

पचमढीत शब्द एकच, पॉइंट. हॉटेलच्या दारात जिप्सीवाले पाच पॉइंट, सात पॉइंट, नऊ पॉइंट असा भाव सांगतात, आणि नऊ पॉइंटांना पैसे थोडेच जास्त पडतात म्हणून आपण नऊ घेतो. मीही एकदा घेतले. सातव्या पॉइंटवर आमच्याबरोबरची चार वर्षांची भाची जिप्सीतच झोपली, मी तिच्यापाशी थांबले आणि बाकीच्यांनी धूपगडचा सूर्यास्त पाहिला. धूपगड हे सुमारे १३५० मीटर उंचीचे, सातपुड्यातले आणि मध्य प्रदेशातले सर्वोच्च शिखर. मी त्याच्या माथ्यावर जाऊनही वाहनतळावरची धूळ पाहून परतले. त्यानंतर मी कोणालाही पॉइंट मोजून सहल करू देत नाही. एका दिवसात दोन जागा, एक सकाळी आणि एक चारनंतर. काही ठिकाणी खासगी मोटार नेता येत नाही आणि वनखात्याचा परवाना व स्थानिक जिप्सी घ्यावी लागते, म्हणून पहिल्याच संध्याकाळी बायसन लॉजला जाऊन ती व्यवस्था करा. ही वास्तू कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने १८६२ मध्ये बांधली. पचमढीचे पठार इंग्रजांच्या नजरेत आणून दिले ते त्यानेच. आता तिथे लहानसे संग्रहालय आहे आणि ते पाऊण तासात पाहून होते.

पाण्यासाठी अप्सरा विहार निवडा. तिथे उतरण सोपी आहे, कडेचे पाणी उथळ आहे आणि थोडे पुढे गेले की रजत प्रपात वरून दिसतो. बी फॉल अधिक प्रसिद्ध आहे, पण तिथे शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना सगळे हसत असतात, चढताना मात्र धाकटा तुमच्या कडेवर असतो. तिथे जायचे असेल तर यजमानांनी दोन्ही मोठ्या मुलांना घेऊन जावे. पाण्याच्या बाबतीत माझे मत अत्यंत कडक आहे. गुडघ्याच्या वर पाणी नाही, धारेखालच्या डोहात कोणी जायचे नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर छायाचित्रासाठी उभे राहायचे नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला तर खाली आकाश निरभ्र असतानाही लोंढा येतो. २०११ च्या पावसाळ्यात आपल्या पाताळपाणीच्या धबधब्यावर काय झाले ते इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा काटक्या-पाने वाहून येऊ लागली, तर कपडे, चपला, डबे, सगळे तिथेच टाकून वर यावे, हे मुलीला आणि थोरल्याला काठावर बसवून आधी सांगा. कड्यांच्या कपारींना आग्या मोहोळे असतात, तेव्हा अत्तर नको आणि दगड भिरकावणे तर मुळीच नको. वानरांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.

सासूबाईंची इच्छा पूर्ण होईल, मात्र चौरागडच्या डोंगरावरच्या महादेवाला नाही. तिथे हजारावर पायऱ्या आहेत. महाशिवरात्रीला विदर्भातून खांद्यावर त्रिशूळ घेऊन चालत येणारे भाविक त्या चढतात, पण सत्तरीतल्या दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांचा कित्ता गिरवू नये. जटाशंकरला जाण्यासाठीही खाली दरीत पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात. बडा महादेव या गुहेपर्यंत मात्र वाहन बरेच जवळ जाते आणि आत फारसे चढ-उतार नाहीत. छतातून सतत पाणी ठिबकत असते, म्हणून न घसरणारी चप्पल आणि पातळ शाल बरोबर असू द्या. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते, आणि तेवढ्या वेळात मुलांना आसपासच्या झाडीत सालाची पाने जमवायला लावता येते. चौरागड त्यांनी समोरच्या डोंगरावरून पाहावा आणि तिथूनच हात जोडावेत. वाटेत नर्मदापुरमला सेठानी घाटावर नर्मदेचे दर्शनही घडते. इंदूरच्या घरातल्या ज्येष्ठांना तेवढ्याने सहलीचे निम्मे सार्थक झाल्यासारखे वाटते, असा माझा अनुभव आहे. सासूबाईंना हे सगळे आधी सांगा. तिथे गेल्यावर ‘तुम्हाला जमणार नाही’ हे शब्द नातवंडांसमोर ऐकावे लागले तर त्या हट्टाने चढतील.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. थोरल्याला वाघ, मुलीला पाणी, सासूबाईंना महादेव, धाकट्याला झोप, यजमानांना कान्हा, पण तुम्हाला काय पाहायचे आहे याचा त्यात एकही शब्द नाही. अशा सहलींत आई लहान मुलाबरोबर खोलीत राहते आणि परतल्यावर सर्वांत जास्त थकलेली तीच असते. म्हणून मढईच्या तिसऱ्या दिवसाची पहाट तुमची. मुलीला बरोबर घ्या, होडीने देनवा ओलांडा आणि सफारीला जा. धाकट्याला वडील आणि आजी सांभाळतील. त्याला काय खायला घालायचे याची यादी लिहून ठेवू नका. तुम्ही अकराच्या सुमारास परताल तोवर त्याने एखादे वेळी बिस्किटांवरच भागवलेले असेल, आणि त्याने काही बिघडत नाही. जेवण करून, त्याची झोप मोटारीतच होईल असे पाहून पचमढीला निघा.

निघण्याच्या आधीच्या दोन रविवारी घरच्या घरी रंगीत तालीम करा. एकदा पहाटे सिरपूर तलावावर जा. २०२२ मध्ये यशवंतसागरबरोबर त्यालाही रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे, आणि पक्षी पाहायला इंदूर सोडावे लागत नाही. तिथे कोण किती वेळ शांत बसू शकतो, दुर्बिणीवरून किती भांडण होते आणि धाकटा थंडीत टोपी डोक्यावर ठेवतो की फेकतो, हे कळेल. दुर्बिणी दोन असाव्यात. एकीच्या किमतीत दोन साध्या मिळाल्या तरी चालतील. दुसऱ्या रविवारी रालामंडलच्या टेकडीवर चढून होळकरांच्या शिकारगाहपर्यंत जा. थोरल्याचे नवे बूट चावतात की नाही, तेही त्याच दिवशी कळू दे.

जाताना भीमबेटका ठेवा, तो यजमानांच्या बेतातला उत्तम भाग आहे. भोपाळच्या पुढे ओबेदुल्लागंजजवळ मुख्य रस्त्यापासून थोडेच आत ते आहे. इंदूरहून सहाच्या आत निघालात तर ऊन चढायच्या आत पोचाल. वाटेतल्या न्याहारीसाठी दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेव घरूनच घ्या, पोहे-जिलबी परतल्यावर आहेच. चित्रे असलेली लेणी एका सोप्या पायवाटेने फिरत पाहता येतात, सासूबाईंनाही सावकाश जमेल. मुलांना एवढे सांगा की रेल्वेने जाताना खिडकीतून हे खडक पाहून डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर नावाचे आपल्याच माळव्यातले गृहस्थ इथवर चालत आले आणि १९५७ मध्ये त्यांनी ही चित्रे जगासमोर आणली. २००३ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. मग एका खडकासमोर थांबून प्रत्येकाने किती जनावरे ओळखली ते मोजा. पुढचे दोन दिवस तीच जनावरे देनवेपलीकडे शोधायची आहेत.

परतीचा दिवस लांबचा आहे. पचमढीहून इंदूर पावणेचारशे-चारशे किलोमीटर पडते आणि आठ-नऊ तास लागतात, म्हणून त्या सकाळी कोणताही ‘राहिलेला पॉइंट’ करू नका. उजाडताच घाट उतरा, म्हणजे धाकटा अर्धवट झोपेत असेल. नर्मदापुरमला घाटावर अर्धा तास आणि भोपाळच्या पुढे जेवण, एवढेच थांबे ठेवा. शाळा उघडण्यापूर्वी घरी एक मोकळा दिवस राहील असा निघण्याचा वार निवडा. त्या दिवशी मुलीला वहीत पाने चिकटवायची असतात आणि सहा जणांच्या कपड्यांतली सातपुड्याची लाल माती दोन वेळा धुतल्याशिवाय जात नाही.